बसून आलेला

काम तसं साधंच होतं. लातूरहून येणाऱ्या एसटीतून एक पाहुणा किल्लारीच्या स्टँडवर उतरायचा होता. त्याला स्कूटीवर मागं बसवून गावात आणायचं, अव्वाशी, म्हणजे आईशी, भेट घालून द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीला परत सोडायचं. मंजुश्री अर्धा तास आधीच येऊन उभी होती. वैशाखाचं ऊन असं होतं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा टपरीच्या सावलीत जीभ काढून पडली होती. तेवढ्यात मागं कुणीतरी लोखंडी शटर खाली ओढलं आणि मंजुश्री दोन पावलं उडाली.

तिचा थोरला भाऊ मल्लू असता तर हसला असता. "आधी आमची मंजू बाहेर, मग भूकंप," असं तो सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. या भागातली जमीन अजूनही अधूनमधून पोटात गुरगुरते. रांजणातलं पाणी थरथरतं, फळीवरची भांडी वाजतात, आणि बाकीचे लोक एकमेकांकडं बघेपर्यंत मंजुश्री अंगणात असायची. लातूरला एम.ए. करताना वसतिगृहात तिनं दाराजवळची खाट भांडून घेतली होती.

एसटी आली. उतरला तो माणूस उंच, हडकुळा, एका पायानं लंगडणारा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या केळीच्या फण्या.

"मंजुश्रीताई ना? मी आनंदराज. अर्धापूरचा." त्यानं फण्या पुढं केल्या. "आमच्या रानातली हायेत. उस्तादांना लई आवडायची."

पलटणीत मल्लूला, म्हणजे हवालदार मल्लिकार्जुनला, सगळे उस्ताद म्हणायचे. मंजुश्रीनं त्याला सरळ घरी नेलं नाही. आधी रसवंतीत बसवलं, रस मागवला आणि घसा साफ करून म्हणाली, "दादा, एक विनंती हाय. अव्वा विचारंल, तो कसा गेला. तुम्ही सांगा, लगेच गेला. काही कळलं न्हाई त्याला. एवढंच सांगा."

आनंदराज ग्लासातला बर्फ बघत राहिला. मग त्यानं तो ग्लास हळूच बाजूला सारला.

"डॉक्टरबी तेच म्हणतात, ताई. पहिल्याच गोळ्याचा तुकडा छातीतून आरपार. जागच्या जागी."

"मग झालं की. खोटं बोलायचंच न्हाई."

"पण आम्ही तर सकाळपर्यंत..." तो थांबला. "चला. आईंकडं चला."

पुढं विचारायची मंजुश्रीला भीती वाटली.

आता ही गोष्ट अशी होती. त्यांच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या हातात इष्टलिंग देतात आणि तसाच बसलेला मातीत ठेवतात. गेल्या हिवाळ्यात मल्लू सरहद्दीवरच्या बर्फातल्या चौकीवर मारला गेला, तेव्हा गावात कुजबुज होती की फौजेची पेटी लांबोळी असणार, पोरगं ताठ झालेलं असणार, आता बसवायचं कसं. खड्डा खणणाऱ्या संगप्पानं शेवटी दोन्ही तऱ्हेची मापं धरून ठेवली होती. आणि गाडीतून पेटी उतरली ती चौकोनी. उंच, चौकोनी. मल्लू बसूनच आला होता. मांडी घातलेली, मान जराशी वाकलेली, दोन्ही हात खांद्यांच्या वर उचललेले, तळवे आभाळाकडं. उजव्या तर्जनीचं पेर नव्हतं. ते लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं. त्या बोटावरून अव्वानं त्याला ओळखलं.

सोबत आलेल्या साहेबांनी अदबीनं सांगितलं, वीरमरण क्षणात आलं, वेदना झाल्या नाहीत.

अव्वा म्हणाली, "क्षणात गेलेला माणूस बसून कसा येतो?"

त्या दिवसापासून अव्वा, म्हणजे कस्तुराबाई, आडवी झाली नव्हती. भिंतीला टेकून बसायची, बसल्या बसल्याच डुलकी घ्यायची. गुडघे आखडले, पाय सुजले, डॉक्टर रागावले. मंजुश्रीनं हातापाया पडून बघितलं. तिचं एकच उत्तर. "माझं लेकरू हातांवर कसलं ओझं घेऊन किती वेळ बसलं, मला ठाऊक न्हाई. ते कळल्याबिगर मी पाठ टेकू कशी?" वडील दोन वर्षांमागं गेले होते. घरात आता दोघीच, आणि त्यातली एक डोळ्यांदेखत झिजत चाललेली.

गावात शिरले तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेली एकसारखी घरं उन्हात डोळे मिटून बसल्यासारखी दिसत होती. आनंदराज उंबऱ्यापाशी आला आणि थबकला. वर छताकडं बघू लागला. कपाळावर घाम आला.

"मी हितंच बसतो, ताई. बाहेर."

आतून अव्वाचा आवाज आला. "छताचं भ्या वाटतंया व्हय रे? ह्या गावात समद्यांनाच वाटतं. ये, लेकरा. माझ्यापाशी बस."

तो आत गेला. अव्वा नेहमीच्या जागी बसली होती, आतल्या खोलीत माळ्याखाली. माळा म्हणजे भिंतीतून काढलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांवर टाकलेली लांब शहाबादी फरशी, आणि तिच्यावर ज्वारीची पोती. तिथं भिंत गार असते म्हणून ती तिथं बसायची. आनंदराजनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि लगेच विचारलं.

"किती वेळ?"

मंजुश्रीनं त्याच्याकडं बघितलं. नजरेनंच विनवलं. पण तो तिच्याकडं बघत नव्हता.

"सांजेला पहिला गोळा पडला, आई. आमच्या बंकरचं मधलं लाकूड मोडलं. वर दगड, मातीच्या गोण्या, बर्फ. समदं खाली यायला लागलं. उस्ताद लाकडाखाली घुसले, मांडी घालून बसले आन् दोन्ही हातांनी, मानेनं ते उचलून धरलं. माझे पाय दगडाखाली. बाकीचे दोघं म्हणाले, उस्ताद, आम्ही तुम्हाला सोडवतो. खालून दुश्मन चढून येत होता. ते म्हणाले, 'छताचं मी बघतो. तुम्ही खिंडीचं बघा.' आमच्या मागं, खालच्या छावणीत सगळी पलटण झोपलेली. आमची मशीनगन बंद पडली असती तर त्यातला एक जणबी उठला नसता."

"मग?"

"मग रातभर बंदूक चालली. दोघं फटीपाशी लढत होते, मी पडल्या पडल्या गोळ्यांचे पट्टे सरकवत होतो. दुश्मन तीनदा चढून आला. छत हललं न्हाई, आई. बंदुकीच्या उजेडात मला उस्तादांचे हात दिसत होते. दोन्ही वर. तुटकं बोट दिसायचं. उजाडल्यावर कुमक आली, टेकू लावले, मला काढलं. डॉक्टरांनी उस्तादांना हात लावला आन् म्हणाले, हे तर पहिल्या गोळ्यालाच गेलेत. अंग दगडागत झालेलं. मी म्हणलं, साहेब, कसं व्हईल? ते आत्तापर्यंत..." त्याचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडं गेला. "ते आत्तापर्यंत मला थोपटत होते."

खोलीत कुठंतरी माशी घोंगावत होती. तीही थांबली.

"थोपटत होते?" अव्वानं विचारलं.

"हाव. मी पायाच्या कळांनी वरडायला लागलो की डोक्यावर हात यायचा. असा." त्यानं गुडघ्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. एक थाप... मग थांबून दोन, हलक्या. "आन् कानापाशी बोलायचे. मला ती बोली येत न्हाई. पण रातभर ऐकलंय, पाठ झालंय. 'मेल्लगं... कूस मलग्यद.'" तो मान खाली घालून म्हणाला, "एकच गोष्ट मला खाती, आई. त्यांचे दोन्ही हात तर वर हुते. मी बघितलेत. मग माझ्या डोक्यावर..."

अव्वाचा चेहरा मंजुश्रीनं असा कधी बघितला नव्हता. त्यात दुःख नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना माणसं जशी होतात, तशी ती झाली होती.

"हळू," ती म्हणाली. "हळू, लेकरू झोपलंय. कानडी हाय ते. मल्लूला कानडी येत नव्हती. ह्या घरात एकालाच यायची. माझ्या सासऱ्यांना. मल्लूला पाळण्यात थोपटताना रोज हेच म्हणायचे ते."

माणिकप्पा अज्जाची, म्हणजे आजोबांची, गोष्ट मंजुश्री लहानपणापासून ऐकत आली होती. जुन्या गावात भूकंप झाला त्या पहाटे घराचं माळवद कोसळलं. मल्लू तेव्हा पाळण्यात होता. दुसऱ्या दिवशी जवानांनी माती उपसली तेव्हा अज्जा पाळण्यावर ओणवे सापडले, पाठीवर तुळई. कधीचे गेलेले, गार पडलेले. खाली मल्लू शांत झोपलेला. लोक म्हणाले, नशीब. अव्वा मात्र म्हणायची की पहिली माती बाजूला झाली तेव्हा तिनं पाळणा बघितला, आणि तो हलत होता.

"माझं लेकरू एकलं नव्हतं तर," अव्वा म्हणाली. "अज्जा आले हुते."

आणि त्याच वेळी मंजुश्रीला वास आला.

रॉकेलचा. या घरात कित्येक वर्षांत रॉकेल नव्हतं. ओल्या लोकरीचा, रॉकेलच्या धुराचा, आणि त्याखाली भस्माचा कोरडा वास. तिनं आनंदराजकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई..." तो कुजबुजला. "हा आमच्या बंकरचा वास हाय."

बाहेर कडुनिंबावरच्या चिमण्या एकदम उडाल्या. मग पायाखालून, फार खोलवरून, कुणीतरी जड दगड लोटावा तसा आवाज आला. फळीवरचे पेले किणकिणले. मंजुश्रीचे पाय तिला न विचारता पळाले होते. ती उंबऱ्यावर पोहोचलीसुद्धा. उन्हाचा चटका तोंडावर लागला, आणि मागून लोखंड कुरकुरल्याचा आवाज आला.

तिनं वळून बघितलं. माळ्याची एक पट्टी भिंतीतून सुटत होती. खाली अव्वा. आखडलेल्या गुडघ्यांनी तिला उठता येत नव्हतं, आणि ती उठायची धडपडही करत नव्हती. आनंदराजनं तिच्यावर स्वतःला झोकून दिलं होतं, दोन्ही हातांनी तिचं डोकं छातीशी धरून. अंगण एका पावलावर होतं.

मंजुश्री आत धावली. का, ते तिला आजही सांगता येत नाही. ती दोघांवर पाय फाकवून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले. दुसरी पट्टीही सुटली. फरशी खाली आली, पोत्यांसकट, तिच्या तळव्यांवर.

वजनच नव्हतं.

पाण्यावर तरंगणारी फळी हाताला लागावी तसा नुसता स्पर्श. जमीन हलत होती, भिंतीचा गिलावा झडत होता, आणि फरशी तिच्या हातांवर थांबली होती. तिनं डोळे गच्च मिटले. शेजारी कुणाचा तरी श्वास चालला होता, दमलेला, खोल. आणि दुसऱ्या बाजूलाही. मनगटावर वरून पाण्याचा एक थेंब पडला, बर्फासारखा गार. तिला बघायचं नव्हतं. ती बघणार नव्हती.

"दादा... अव्वाला ओढा," ती एवढंच म्हणाली.

त्यानं अव्वाला ओढत बाहेरच्या खोलीत नेलं. कुणीतरी हळूच, फार हळूच, मंजुश्रीच्या पाठीला हात लावून तिला पुढं सारलं. ती दारात आल्यावर मागं फरशी खाली टेकली. पडली नाही. टेकली. पोतंसुद्धा कलंडलं नाही.

शेजारचे धावत आले. चौघा गड्यांनी मिळून पोती उतरवली, मग ती फरशी उचलून अंगणात उन्हात उभी केली. "एकट्या मंजूनं धरली?" संगप्पा पुन्हा पुन्हा विचारत होता. "आमच्या मंजूनं?" कुणाला हसू आलं नाही.

फरशीच्या खालच्या बाजूला मंजुश्रीच्या घामाचे तळवे उमटले होते. ते उन्हात बघता बघता वाळले. त्यांच्या एका अंगाला आणखी दोन ठसे होते, मोठे, ओले. उजव्याला तर्जनीचं पेर नव्हतं. आणि दुसऱ्या अंगाला अजून दोन. रुंद, म्हाताऱ्या माणसाचे. वैशाखाच्या उन्हात ते चार तळवे वाळत नव्हते. आनंदराजनं बोट लावून बघितलं आणि झटकन हात मागं घेतला.

अव्वा भिंतीच्या आधारानं आली. तिनं तुटक्या बोटाच्या ठशावर गाल टेकला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग दुसऱ्या दोन तळव्यांकडं बघितलं आणि डोक्यावरचा पदर नीट कपाळापर्यंत ओढून घेतला, सासरे समोर आल्यावर सून घेते तसा. फक्त पदर ओढताना ती फरशीकडं बघत नव्हती. घराच्या उघड्या दाराकडं बघत होती.

"मंजू, सतरंजी टाक," ती म्हणाली. "लई झोप आलीया."

बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, कस्तुराबाई किती महिन्यांनी आडवी झाली. कूस बदलली आणि लहान पोरासारखी झोपली.

लोक पांगले. सावल्या लांबल्या. शेवटच्या गाडीची वेळ झाली तसे मंजुश्री आणि आनंदराज अंगणात स्कूटीपाशी आले. घरात आता अव्वाशिवाय कुणी नव्हतं. मंजुश्रीनं किल्ली लावली, आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

अंगावरच्या चादरीवर हात पडावा तसा. एक थाप. मग थांबून दोन, हलक्या.

ती जागच्या जागी थिजली. नेहमीसारखी उडाली नाही. तिचा अंगठा स्कूटीच्या बटणावर होता. आनंदराजनं आपला हात पुढं केला आणि तिचा अंगठा अलगद बाजूला घेतला.

"मेल्लगं," तो पुटपुटला.

दोघांनी स्कूटी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. तिथपर्यंत ती थाप ऐकू येत होती.