कड्याचं मशीन

कडा गावच्या डेपोतून आणलेलं मशीन बीडच्या ऑफिसात सुरू झालं, ईश्वरीनं बियाण्याच्या प्लॉटांची यादी मागितली आणि पडद्यावर काहीच आलं नाही. सोबत आलेली बॅकअपची टेप लावली, तर तीही कोरी.

१९९८चा ऑक्टोबर होता. कल्याणअप्पांची कंपनी कपाशीचं संकरित बियाणं करायची. बीड, कडा आणि लिंबागणेश, तिन्हीकडे एकेक सर्व्हर. एकच शेतकरी एका यादीत एका नावानं, दुसरीत भलत्याच नावानं. बाहेरच्या बड्या कंपन्या दाराशी आल्यात, हवी ती माहिती आता तासाभरात हाताशी पाहिजे, असं सांगून ईश्वरीनं अप्पांना पटवलं होतं. सगळं एका मशीनवर आणायचं, म्हणजे यादी एक, बॅकअप एक आणि दुरुस्तीही एकाच मशीनची.

आणि पहिल्याच घासाला खडा लागला. कोणत्या रानात कोणता नर वाण आणि कोणता मादी वाण, हे त्या यादीतच होतं. वेचणी तोंडावर आलेली. यादी नसली तर बी मिसळणार, आणि मिसळलेलं बी विकणाऱ्याला पुढच्या हंगामात कुणी दारात उभं करत नाही.

कोण कधी बसलं, काय केलं, हे मशीन स्वतःच लिहून ठेवतं. ती नोंद केदारनाथ सरांनी उघडली. तिन्ही मशीनच्या देखभालीचा ठेका सरांकडे असायचा, आणि ईश्वरीला या कामाचा श्रीगणेशा त्यांनीच शिकवला होता. नोंदीत होतं: तीस सप्टेंबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, आश्रुबाच्या नावानं यादी पुसली.

आश्रुबा म्हणजे कड्याचा ऑपरेटर. काल संध्याकाळी मशीनबरोबर टेम्पोतून तोच आला होता.

“त्या दिवशी मी अप्पांबरोबर कपिलधारला दर्शनाला होतो,” सर हळहळले. “नाहीतर इथूनच फोनलाइनवरून मशीन तपासलं असतं. गरीब माणूस, कुणीतरी फितवला असेल.”

अप्पांनी पोलिसांना फोन केला. आश्रुबा बाकावर बसून राहिला. ईश्वरी काही बोलली नाही. नोंद खोटं बोलत नाही, हे सरांनीच तिला शिकवलं होतं.

हवालदार यायच्या आत मशीन सीलबंद करायचं म्हणून तिनं प्लग उपसला. प्लगच्या स्क्रूच्या खाचेत हळदकुंकू घट्ट बसलं होतं. ती आश्रुबाजवळ गेली.

“हे कुंकू कधीचं?”

“खंडेनवमीचं, ताई. डेपोतला काटा, मोटार, कम्प्युटर, समदं पुजलं.”

“मशीन चालू ठेवून?”

“चालू कसं ठेवतेत? पुजलेल्या अवजाराला दसऱ्यापस्तोर हात लावत न्हाईत. प्लग काढून ताटात ठेवलता.”

“आणि दसऱ्यानंतर?”

“दुसऱ्या दिशी पोत्यात बांधलं. चालू केलंच न्हाई.”

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. नवमी तीस तारखेलाच होती. तिनं कड्याला फोन लावला. डेपोच्या मॅनेजरनं तेच सांगितलं: पंधरा माणसं प्रसादाला होती, मशीनपुढं दिवसभर समई तेवत होती, प्लग ताटात.

पुढचं नाव तिला नको होतं.

अप्पांच्या केबिनमध्ये तिनं सरांकडे न बघता सांगायला सुरुवात केली. बंद मशीन नोंद लिहीत नाही. म्हणजे कुणीतरी नंतर मशीनचं घड्याळ मागं नेलं, आश्रुबाच्या नावानं यादी पुसली आणि घड्याळ पुन्हा जागेवर आणलं. आश्रुबानं केलं असतं, तर पूजेचा दिवस त्यानं कधीच निवडला नसता. शिवाय घड्याळ बदलायला मुख्य पासवर्ड लागतो. तो दोघांकडेच आहे.

“एक मी,” ती म्हणाली. “दुसरे सर. आणि काल रात्री मशीन ज्या खोलीत होतं, तिची किल्ली फक्त सरांकडे होती. आपल्या ऑफिसात पूजा लक्ष्मीपूजनाला होते, अप्पा. कड्याची माणसं नवमीला कम्प्युटरही पुजतील, हे सरांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना तीस तारीख हवी होती, कारण त्या दिवशी साक्षीला तुम्हीच होतात.”

अप्पा म्हणाले, कुंपणानंच शेत खाल्लं.

केदारनाथ सरांनी स्वतःच्या कपाटातून, रात्री बदललेली खरी टेप आणून टेबलावर ठेवली. यादी तिच्यात शाबूत होती.

“तुझी ही एका मशीनची योजना फसायला हवी होती,” ते ईश्वरीला म्हणाले. “तीन मशीनची दुरुस्ती एकावर आणलीस. दुरुस्ती करणाऱ्याचं काय होईल, हे विचारावंसं वाटलं तुला?”

ते तिनं कधी विचारलंच नव्हतं. चूक तिची होती. पण त्यासाठी आश्रुबाला तुरुंगाच्या दारात उभं करणारा हा माणूस तिचा गुरू होता, आणि ते तिला सहन होईना. तिला रडू फुटलं. सर तिची समजूत काढायला थांबले नाहीत, तोवर आलेल्या हवालदाराबरोबर निघून गेले.

ती बाहेर आली. आश्रुबा अजून बाकावरच होता. सुटलास, असं तिनं त्याला सांगितलं. तो आभार मानेल असं तिला वाटलं होतं.

“ताई, सर तर परके,” तो म्हणाला. “तुमी मला सहा वर्सं वळखता. सकाळी अप्पांनी फोन लावला, तवा तुमी गप कावून बसलात?”