थेक्लाच्या बोटांचे आकडे

माझ्या मैफलीला तीसच्या वर माणसं आली की मला दालन चुकल्यासारखं वाटतं. चाळीस वर्षं मी पियानोवर अशांच्याच रचना वाजवत आले, ज्यांची नावं त्यांच्या गावातही कुणाला आठवत नाहीत. त्यांतली सगळ्यांत लाडकी थेक्ला नूरदाल, आमच्याच हेर्नेसांद गावच्या चर्चची ऑर्गनवादक. वारली १८९१ साली.

मे महिन्यात ग्रंथपाल बिर्गरचा फोन आला.

"गुनवोर, तुझी मैत्रीण सापडली. चर्चच्या पेटाऱ्यात होती. ये, वेलचीचे पाव आणलेत."

"शिळे असतील."

"थेक्ला तरी कुठे ताजी आहे?"

फितीने बांधलेल्या चार रचना होत्या. अक्षर तिचंच. नावांच्या जागी महिने. एक रचना हातात बसल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही, हा माझा जुना नियम. म्हणून आधी फक्त ‘फेब्रुवारी’ घेतली.

घरी वाजवायला बसले आणि दुसऱ्या ओळीत थांबले. कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवायचा, याचे आकडे आम्ही स्वरांवर लिहितो. अंगठा एक, करंगळी पाच. थेक्ला तर एकही स्वर आकड्याविना सोडायची नाही. इथे उजव्या हाताला ‘चार’ कुठेच नव्हता. सहा पानांत एकदाही नाही.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत माझी उजवी अनामिका, म्हणजे नेमकं चौथं बोट, गाडीच्या दारात चिरडली होती. ती आता वाकत नाही. डॉक्टरांखेरीज हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वाजवणं सुटलं तर मी करायचं काय, या काळजीने अन्न गोड लागत नव्हतं. आणि ही रचना माझ्या मोडक्या हातासाठी माप घेऊन शिवल्यासारखी होती. मी पियानोवर डोकं टेकून रडले. फार दिवसांनी बरं वाटलं.

"थेक्लाचं बोट अधू होतं का रे?" मी बिर्गरला विचारलं.

"छे! तिच्या जुन्या वह्यांत चाराचे आकडे ढिगाने आहेत, तूच दाखवले होतेस. विसरलीस?"

विसरले नव्हते. योगायोग म्हणून सोडून दिलं. जूनमध्ये ‘फेब्रुवारी’ वाजवली तेव्हा चौतीस लोक होते आणि सगळे उभे राहिले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात करंगळी बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल, वाट पाहू. त्या संध्याकाळी मी दुसरी रचना उघडली.

‘ऑगस्ट’. उजव्या हाताला एक, दोन, तीन. बस्स.

तीन बोटांत इतकं सौंदर्य मावतं हे मला माहीत नव्हतं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा कृतज्ञताच जास्त दाटून आली. मी त्या रचनेवर अडीच महिने काढले.

ती हातात बसली त्या दिवशी बिर्गर कॉफीला आला होता. बोटांचं सगळं त्याला सांगितलं आणि त्याच्यादेखत मी तिसरी उघडली. ‘नोव्हेंबर’.

डाव्या हाताच्या ओळी आकड्यांनी गच्च भरलेल्या. उजव्या हाताच्या ओळी कोऱ्या.

बिर्गरने कप खाली ठेवला.

"तुझा उजवा हात बरा आहे ना?"

"तीन बोटं बरी आहेत."

"मग हे नको वाजवूस."

"बिर्गर, माझी एवढी आधीपासून सोय आजवर कुणी केली होती?" मी म्हणाले. थेक्लालाही मोठ्याने धन्यवाद म्हणाले.

त्याने माझा नियम मोडून शेवटचं पान उचललं.

"डिसेंबर," तो म्हणाला.

"काय आहे?"

"दोन्ही हातांच्या ओळी आखल्यात. शेवटी समाप्तीची दुहेरी रेघ आहे."

"आणि मध्ये?"

त्याने पान पालथं ठेवलं.

"कॉफी निवतेय, गुनवोर."

मी उजवा हात मांडीवर ठेवला, डावा पट्ट्यांवर. नोव्हेंबर लागायला नऊ दिवस होते आणि रचना अवघड होती.