निरगाठ

लाइट यायला अजून वेळ आहे, तोवर सांगतो. पण दोन अटी. मध्येच मोबाइलची बॅटरी लावायची नाही, आणि 'काका, हे खरं का?' असं विचारायचं नाही. मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आहेत. जे मिनिटाला बरोबर नाही ते मी तोंडातून काढत नाही. आणि ही गोष्ट माझ्या शेजारच्या दुकानातली. मधली भिंत एकच.

शेजारी एक शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. बायको दवाखान्यात नर्स, तिची कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. मास्तरची मोठी बहीण त्यांच्याकडेच राहायची. संसार मोडून भावाकडे आलेली. काजं-बटणं करायची, स्वयंपाक बघायची. आणि एक वर्षाचं पोर. रांगताना तोंडानं सारखं गुणगुणायचं म्हणून त्याचं नाव पडलं भुंगा.

आता शिंप्याच्या दुकानात रांगतं पोर म्हणजे जिवाला घोर. खाली सुया, टाचण्या. वर कात्री, इस्त्री. म्हणून मास्तरनं एक युक्ती काढली. अस्तराच्या कापडाची लांब पट्टी घ्यायची, एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं कटिंगच्या टेबलाच्या पायाला. पाठीमागे निरगाठ. पोर हातभर फिरतंय, आपलं काम चाललंय. कामावरची माणसं करतात असं, त्यात नवल नाही. फक्त ताईला ते पटायचं नाही.

"जनावर आहे का ते, दाव्याला बांधायला?"

"मग तू मांडीवर घेऊन बस दिवसभर. काजं मी करतो."

असं रोज चालायचं. रागानं नाही, आपलं नेहमीचं.

एका मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला मास्तर दोरा आणायला निघाला. कुणाचा तरी राखाडी कोट होता आणि त्या रंगाचं रीळ संपलं होतं. भुंग्याला बांधलं, गाठ ओढून बघितली, मागच्या खोलीत चहा ठेवणाऱ्या ताईला हाक मारून सांगितलं आणि गेला. दुकानदाराशी रंगावरून हुज्जत घालून अठरा मिनिटांत परत आला. माझ्याकडे बघून हसला, आत शिरला. आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

भुंगा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, इस्त्रीची वायर दोन्ही हातांनी ओढत बसला होता. मास्तर झेपावला तेवढ्यात इस्त्री खाली आली. पोराच्या मांडीपासून वीतभर लांब पडली. चटई जळाली, पोर हसत होतं.

ताई धावत आली. "अरे, तू बांधलं होतंस ना?"

मास्तरनं टेबलाखाली बघितलं. पट्टी तिथेच होती. तुटलेली नाही, सुटून लोंबणारी नाही. गाठ सोडून, चौपदरी घडी घालून, पायाशी नीट ठेवलेली.

आणि पोरांनो, त्या घरात कापडाला अशी चौपदरी घडी एकच माणूस घालायचं. ताई.

मास्तरनं इस्त्री उचलून जागेवर ठेवली. पण त्या दिवशी त्याच्या मनात पाल चुकचुकली, ती चुकचुकलीच.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जे झालं ते मी स्वतः बघितलं. मी डोळ्याला भिंग लावून बसलो होतो. टेम्पो मागे येताना वाजतो तसं वाजत होतं, म्हणून सहज मान वर केली. भुंगा रस्त्यावर. उन्हात मजेत बसलेला. आणि टेम्पोचं मागचं चाक त्याच्याकडे येतंय. मी ओरडलो. काय ओरडलो ते आजही आठवत नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. उतरून त्यानं पोराला बघितलं आणि तिथेच मातीत फतकल मारून रडायला लागला. चांगला दाढीवाला गडी.

मास्तर आत गिऱ्हाइकाचं माप घेत होता, पाठ फिरवून. ताई दारातल्या खुर्चीत काजं करत होती. "माझ्या पायाशेजारून गेला असेल, मला कळलंच नाही रे," ती म्हणत राहिली. पट्टी? टेबलाखाली. चौपदरी.

रविवारी बायको घरी होती. मागच्या खोलीत पलंगाच्या पायाला बांधून ती कपडे वाळत घालायला गेली. परत येते तर भुंगा मोरीत, भरलेल्या बादलीच्या काठावर पोटावर पडलेला, डोकं आत, पाय वर. तिनं तंगडी धरून उपसला. नर्स होती म्हणून पुढचं तिला सुचलं. पाणी काढलं, पाठ चोळली, पोर रडलं. मग ती स्वतः रडली.

रात्री ती हळूच म्हणाली, "अहो, मला असं बोलायला लाज वाटते. पण ताई त्या वेळी मोरीतूनच बाहेर आल्या होत्या."

"मला माहितीये," मास्तर म्हणाला.

बस. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि संशयाला घरात जागा मिळाली. तो एकदा आत आला की काय करतो माहितीये? माणूस हसला तरी 'का हसला' आणि गप्प बसला तरी 'का गप्प बसला'. ताईनं पोराचा पापा घेतला तरी मास्तर तिच्या हातांकडे बघायचा. तिला मूल नव्हतं. त्याचाही अर्थ लावून झाला.

सोमवारी दुपारी मास्तरनं पाळत ठेवली. तीन निरगाठी मारल्या, प्रत्येकीवर खडूची रेघ ओढली. 'बटणं आणायला जातो' म्हणाला, मागच्या दारानं आत आला आणि कपडे घालून बघायच्या खोलीत पडद्याआड उभा राहिला. फटीतून सगळं दिसत होतं. ताई खुर्चीत. हातात सुई. पोर टेबलाखाली गुणगुणतंय.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. ताई हलली नाही.

मग गुणगुणणं थांबलं. भुंग्यानं मान वर केली. टेबलाखालीच, समोर... कुणीतरी बसलेलं असावं तसं बघितलं. आणि दोन्ही हात वर केले. अंगातून कपडा काढताना पोरं करतात ना, तसे. मग निमूटपणे वळला आणि पाठ पुढे केली.

मास्तरनं डोळे चोळले. पडदा सारला. तेवढ्यात ताई उठून, वाकून पोराला उचलत होती. पट्टी जमिनीवर. गाठी सुटलेल्या.

आता तुम्हीच सांगा, त्यानं काय समजायचं? स्वतःच्या डोळ्यांनी जे बघितलं होतं ते त्यानं बाजूला ठेवलं. कारण ते मानायला जड होतं. बहिणीवर आळ घेणं त्यापेक्षा सोपं होतं. मी त्याला मित्र मानतो, तरी सांगतो, तिथे तो चुकला.

"का करतेस असं? काय वाकडं केलंय पोरानं तुझं?"

ताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं भुंग्याला खाली ठेवलं. भांडली नाही. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं.

"एकदा मनात आलं ना तुझ्या... मग संपलं."

संध्याकाळी सात चाळीसला एक पिशवी घेऊन ती बाहेर पडली. लांबच्या गावी मावसबहिणीकडे गेली. बसनं पाच तास. जाताना माझ्या दुकानाशी थांबली. म्हणाली, "भाऊ, पोराकडे लक्ष ठेवा. त्याला बांधू देऊ नका." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

मग आला गुरुवार. बायकोची रात्रपाळी. तो राखाडी कोट तयार होता आणि गिऱ्हाइकाची पहाटेची गाडी होती. कोट नऊ वाजता पोचवायचा होता. मास्तर माझ्याकडे यायला निघाला होता, पोर माझ्यापाशी ठेवायला. हे त्यानं मला नंतर सांगितलं. मी रोज नवाला बंद करतो. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून आठ पंचावन्नला कुलूप लावलं. पाच मिनिटं. चाळीस वर्षांत एकदा.

भुंगा झोपला होता. मास्तरनं टेबलाखाली गोधडी घातली, पोराला निजवलं, बांधलं. चार गाठी. मागचं दार आतून लावलं. शटर खाली ओढलं, हवेसाठी चार बोटं फट ठेवली, साखळी घालून कुलूप लावलं. दहा मिनिटांचं काम.

गिऱ्हाइकानं कोट घालून बघितला. बाही किंचित लांब वाटली. आरशासमोर उभा राहिला. वळला. पुन्हा वळला.

नऊ बावीसला मास्तर गल्लीच्या तोंडाशी आला. आणि त्याला जळक्या कापडाचा वास आला.

आधी वाटलं, कुणी कचरा पेटवलाय.

मग फट दिसली. फटीतून धूर.

इस्त्रीचं बटण... बंद केलं होतं का?

तो धावला. किल्ली कुलपात जाईना. तो हाका मारत होता. आतून आवाज नाही. गुणगुणणं नाही. काही नाही.

शटर वर गेलं.

भुंगा उंबऱ्याशीच होता. आत नाही, टेबलाखाली नाही. अगदी शटरपाशी, फटीला नाक लावून, कुशीवर निजलेला. अंगाला राखेचा कण नाही. मास्तरनं उचलला. श्वास चालू होता.

आत चिंध्यांचा ढीग पेटला होता, टेबलाचा तो पाय वरपासून खालपर्यंत कोळसा झाला होता. शेजारी बादल्या घेऊन आले, अर्ध्या तासात विझलं. मास्तर रस्त्यात बसून होता. पोराला छातीशी धरून एकच म्हणत होता, "गाठ सुटली नसती तर... गाठ सुटली नसती तर..."

लोकांचं काय? लगेच म्हणाले, बहीण परत आली असणार, मागे कुठेतरी लपली असणार. खरं सांगतो, मास्तरलाही तसंच वाटलं. तसंच असावं असं वाटलं. त्यानं तिथूनच फोन लावला. पलीकडे ताई. मागे मावसबहिणीचा आवाज, भांड्यांचा आवाज. पाच तासांवर.

"काय झालं रे? भुंगा बरा आहे ना?"

मास्तर म्हणाला, "ताई, घरी ये. मी चुकलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेचे मालक नुकसान बघायला आले. रस्त्यावरच उभे राहिले. मास्तरनं सगळं सांगितलं, पट्टीचंही.

"तू पोराला बांधून ठेवायचास?" मालकांनी विचारलं.

"हो. टेबलाला."

मालकांचा चेहरा उतरला. "तुझ्याआधी इथे राहायचे ना, तेसुद्धा... धाकट्याला बांधून, थोरलीला त्याच्यापाशी बसवून कामाला जायचे. कुलूप लावून..."

"मग?"

मालक दुकानात पाऊलही न टाकता गेले. मी इथे यायच्या आधीची ती माणसं, म्हणून त्यानंतर मी मालकांना दहा वेळा विचारलं असेल. दहाही वेळा त्यांनी विषय बदलला.

दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी ताई आली. आधी भुंग्याला घेतलं, हुंगलं, मग भावाकडे बघितलं. तो तिच्या पायाशी वाकला, तिनं मध्येच धरला. दोघंही रडले. मी घड्याळाकडे बघत बसलो.

मग आवरायला घेतलं. रस्त्यावर बघ्यांची गर्दी होती, म्हणून मास्तरनं आतून शटर खाली ओढलं आणि मी बॅटरी लावली. शटर आतून काळं कुळकुळीत. काजळीचा बोटभर थर.

एक जागा सोडून.

खाली, जमिनीलगत. तेवढाच पत्रा स्वच्छ. कुणीतरी शटरला पाठ टेकून बसलं होतं आणि धूर त्याच्या भोवतीनं गेला होता, असा आकार. पाठ. वाकवलेलं डोकं. दोन्ही खांद्यांवर उतरलेले दोन बारीक पट्टे... वेण्यांसारखे. खाली फरशीवर बैठकीची जागाही स्वच्छ. तिला लागूनच भुंगा सापडला ती जागा.

मी बॅटरी त्या आकारावर धरली.

मास्तर खाली बसला. गळ्यातली टेप काढली. का काढली? शिंपीच तो. समोर पाठ दिसली की त्याचा हात आपोआप जातो. एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत टेप धरली आणि दुकानात बोलतो तशा आवाजात म्हणाला,

"खांदा अकरा."

ताईचा खांदा साडेचौदा. तिच्या सगळ्या पोलक्यांची मापं त्यानंच घेतलेली. अकरा म्हणजे... आठ-नऊ वर्षांची पोर.

आणि तो माप बोलला की ताईनं वहीत लिहायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. तिनं वही उघडली. नवं पान. लिहिलं, खांदा अकरा. मग पेन थांबलं.

"नाव काय घालू?" तिनं विचारलं.

मास्तर शटरकडेच बघत राहिला.

ते पान मी अजून अधूनमधून जाऊन बघतो. खांदा अकरा, ताईच्या अक्षरात. त्याखाली उंची, छाती, बाही, सगळं भरलेलं, फक्त नाव नाही. ती मापं त्या दिवशी कुणी घेतली नव्हती. ते अक्षर ताईचं नाही, मास्तरचंही नाही. पोरांनी पाटीवर काढावं तसं आहे, मोठं आणि गोल गोल.