पिल्लांमधली मोकळी जागा

दुपारच्या शांततेत खण्ण् वाजलं. लेक उमा झोपलेली, आमचे हे जंगल खात्याच्या ऑफिसात. बरणीवर झाकलेल्या पितळी ताटलीला आतल्या मासोळीनं पुन्हा धडक दिली होती.

काळ्या टेट्रा माशांची ही जोडी यांनी नागपूरहून कडीच्या डब्यात आणली, गोंदियाहून पुढे छोट्या रेल्वेगाडीत डबा मांडीवर धरून. टेट्रा स्वतःचीच अंडी खातात, हे मी दोनदा सगळं गमावून शिकले. या खेपेला काचेच्या पेटीच्या तळाशी उमाचे खेळायचे कंचे पसरले, म्हणजे अंडी फटींत पडतील. पावसाचं साठवलेलं पाणी भरलं. अंडी पडताच नर दुसऱ्या पेटीत, मादी बरणीत. उजेड नको म्हणून काचेवर फाटक्या छत्रीचं कापड.

आणि पिल्लं निघाली! काचेचा कीस जणू, नुसते डोळेच दिसायचे. भाताचं तणीस कुजवून त्याचं बारीक जिवांनी भरलेलं पाणी थेंबथेंब पाजत मी ती जगवली. या खेपेला एकही जाऊ देणार नव्हते.

शेजारच्या शेवंताबाई बघायला आल्या. "आपलेच अंडे खाते? असली कशी माय वो!"

"यांची आई मी आहे, काकू."

"मंग बारसं कर अन् घुगऱ्या वाट!"

हे हसले. पण ऑफिसातल्या मंडळींना घरी आणून पिल्लं दाखवली ती यांनीच.

पिल्लं घोळक्यानं राहतात, याचं आधी नवल वाटलं नाही. मग दिसलं, ती कशाभोवती तरी राहतात. मध्ये जागा मोकळी. बोटाएवढी, पुढे निमुळती.

टेट्राची पिल्लं आईला ओळखत नाहीत. आई जवळ असतेच कुठे?

मी तणसाचं पाणी एका कोपऱ्यात सोडलं. भुकेली पिल्लं हलली नाहीत. आधी ती मोकळी जागा सरकली. मग तिच्यामागून पिल्लं.

मी पळी त्या जागेत घातली. पळीला काही लागलं नाही. पिल्लं मात्र त्या जागेआड लपली. माझ्यापासून.

भीती नाही, मला राग आला. पाजते कोण? मी!

आज ताटली वाजली तशी मी कापड उचललं.

जागा वीतभर झाली होती.

पिल्लू मात्र एकही कमी नव्हतं. सगळी टपोरी, चकचकीत. तेवढ्यातही माझा ऊर भरून आला.

बरणीतली मासोळी ताटलीवर धडका देत होती.

उमा कधी उठली, कळलं नाही. काचेला गाल लावून उभी होती. पिल्लं तिच्याकडे वळली.

मोठ्या जागेला लागून हळूच आणखी एक जागा मोकळी झाली. लहानशी.

उमा हसली. बोलते ती थेट शेवंताबाईंच्या तालात.

"आई, ही लहान जागा तिनं माह्यासाठी ठेवली का?"