छातीचा फोटो

या, जवळ सरका. मोबाइल खिशात घाला, नाहीतर मी इथेच थांबतो. दिवा मात्र राहू दे. तुमच्यासाठी नाही, मलाच बरं वाटतं.

हे माझ्याबाबतीत घडलेलं नाही. आमच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरबाबतीत घडलं. अठरा वर्षं आम्ही एका बाकावर बसून डबा खाल्लाय. माणूस गप्पिष्ट, पण थापाड्या नव्हे. एवढं आधीच सांगून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वीची अकरा डिसेंबरची रात्र. बुधवार. तो हॉस्पिटलातून घरी गेला होता, आईचा चष्मा आणायला. "चष्म्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही," असं म्हातारी ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाली, तेव्हा सिस्टरलाही हसू आलं होतं.

एक्क्याऐंशी वर्षांची बाई. न्यूमोनिया. पण ताप नाही, खोकला जेमतेम. नुसती असंबद्ध बोलायची, पोटच्या पोराला 'दादा' म्हणायची. घरच्यांना वाटलं, वय झालं. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी ओठ निळे पडले, तेव्हा धावपळ.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "म्हाताऱ्या माणसांत हा असाच गुपचूप येतो. दोन्ही फुप्फुसं भरलीयत. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, आज दुसरं सुरू केलंय. पण मनाची तयारी ठेवा."

"चार दिवस आधी आणलं असतं तर?"

त्या हातातल्या कागदाची नीट घडी घालत राहिल्या.

चष्मा घेऊन तो परत आला तेव्हा पावणेबारा झाले होते. आईला उशांना टेकवून बसवलेलं. श्वास आखूड, भराभर. त्याने चष्मा लावून दिला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी बरोबर नावाने हाक मारली.

तीन वाजून दहा मिनिटांनी एक माणूस आला. चाकांवरचं एक्स-रेचं मशीन ढकलत. चाकांचा आवाज नव्हता, हे आमच्या वेल्डरला नंतर आठवलं.

"छातीचा फोटो आहे. बाहेर थांबा."

पडदा ओढला गेला. हा पडद्याला लागून उभा.

"आजी, श्वास घ्या. भरून घ्या..."

आतून लांबलचक श्वास आला. एवढा मोठा... आठवड्यात घेतला नव्हता तिने.

"रोखून धरा."

शांतता.

हा वाट बघत राहिला. पुढचं ठरलेलं असतं ना? सोडा, म्हणतात. कोणीच म्हणेना.

दहा सेकंद. वीस.

"अहो... झालं का?"

काही नाही.

त्याने पडदा ओढला. माणूस नाही. मशीन नाही. दुसरीकडून वाटही नाही, भिंत आहे. आई ताठ बसलेली. छाती भरलेली. ओठ घट्ट. डोळे याच्यावर.

"आई, सोड आता..."

ती ऐकत होती. त्याला खात्री आहे, ऐकत होती.

सोडला नाही.

सिस्टर धावत आली. डॉक्टरीणबाई आल्या, छाती दाबत राहिल्या. तीन पस्तीसला हात थांबवले.

"तो एक्स-रेवाला कुठे गेला?" याने विचारलं.

सिस्टर गोंधळली. "रात्री वर कोणीच येत नाही. मशीन खाली असतं, आणि लिफ्ट तर बंद आहे."

उजाडेपर्यंत तो खाटेशी बसून राहिला, आईचा हात हातात घेऊन. आठ वाजता कागदपत्रांसाठी खाली गेला. एक्स-रेच्या खिडकीतल्या मुलाने त्याला नाव विचारून एक पाकीट दिलं. मुलगा नुकताच कामावर आलेला, त्याला काही माहीत नव्हतं.

याने फोटो उजेडात धरला. कोपऱ्यात आईचं नाव, तारीख बारा डिसेंबर. वेळ, पहाटे चार वाजून बारा मिनिटं. तेव्हा तिचा हात याच्या हातात होता.

मुलगा खिडकीतून वाकून बघत होता.

"फार छान आलाय," तो म्हणाला. "या वयात इतका भरून श्वास कोणी धरत नाही. आजी कशा आहेत आता?"