उष्टा हार

"ओ, हुंगू नका! घ्यायचं तर घ्या, नाक कशाला घालता?"

मैनाने मान वर न करताच हाळी दिली. पंचवटीतल्या फूलबाजारात सकाळी सातला असं दहा वेळा ओरडावं लागतं. गिऱ्हाइकाला परडीत नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही, आणि वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. ते उष्टं. मखमलाबादच्या फुलमळ्यात वाढलेल्या पोरीला हे बोलायला लागायच्या आधी कळतं.

"नाही हुंगत," परडीवर वाकलेला म्हणाला. "गेल्या वर्षी हुंगलं, त्याचं अजून निस्तरतोय."

मैनाच्या हातातली सुई तशीच राहिली. समोर माकडटोपी घातलेला एक उंच तरुण उभा होता. टोपी तिच्या बापाची होती. टोपीखालून डोकावणाऱ्या कानाच्या पाळ्या निळसर होत्या.

"केरू..." ती म्हणाली, आणि एवढं मऊ बोलल्याचा तिला लगेच राग आला.

त्याचं झालं होतं असं. मैनाच्या मळ्याच्या कडेने पाट जातो. पाटापलीकडच्या गवतावर दव असतं तोवर तिथे दवपूर असतं. ऊन चढून दव उडालं की उरतं नुसतं गवत. तुम्हाआम्हाला नेहमी गवतच दिसतं, कारण आपण उशिरा उठतो. गेल्या मार्गशीर्षात दवपूरचा राजपुत्र नीलकेयूर काकाच्या शिपायांना चुकवत पळाला आणि शेवंतीच्या क्रेटांमागे लपून, मैनाच्या 'छोटा हत्ती' टेम्पोतून थेट बाजारात येऊन पोचला. क्रेट उतरवताना तो सापडला तेव्हा एक शेवंती नाकाशी धरून बसला होता. दवपूरचे लोक जेवत नाहीत, वासावर जगतात, हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिने त्याच्या हातातून फूल हिसकावलं. "उष्टं केलंस ना! आता हे कुणाला देऊ?" म्हणाली, आणि सरळ स्वतःच्या वेणीत खोवून मोकळी झाली. त्याचे कान गर्द निळे झाले. थंडी बाधली असेल म्हणून तिने त्याला माकडटोपी दिली.

एवढं लांबलचक नाव घेत बसायला तिला वेळ नव्हता, म्हणून त्याचा केरू झाला. पुढे तिने विळा घेऊन काकाच्या शिपायांना पाटापलीकडे पिटाळलं – लोखंडाची धार बघितली की त्या लोकांची गाळण उडते – आणि केरू गादीवर बसला. मग? मग काहीच नाही. अख्खं वर्ष गेलं. निरोप नाही, सांगावा नाही. ती रोज पहाटे पाटापर्यंत जायची आणि मागे फिरायची. बोलावल्याशिवाय कसं जायचं? मागणी घालायला मुलाकडचे येतात. मुलीने काय परडी घेऊन त्यांच्या दारात उभं राहायचं?

आणि आज हा उभा होता. सगळ्या बाजारात हिच्याच गाळ्यापुढे. मैनाने नकळत पदराला हात पुसले, केसांवरून हात फिरवला...

"केरू, किती वेळ?"

मागून आवाज आला. मग आवाजाची मालकीण आली. बघणाऱ्याने बघतच राहावं अशी होती, मेली. बाजारातल्या जमिनीवर पाण्याचा आणि पाकळ्यांचा नुसता चिखल झालेला, पण हिच्या पावलांना त्याचा डाग नव्हता. ते सगळं मैनाने सोसलं असतं. पण केरू? ते नाव तिचं होतं! तिने ठेवलेलं, तिने हाक मारायचं. ते या बयेच्या तोंडात गेलं कसं?

"ही बकुळा," केरू म्हणाला. "काकांनी सांभाळलेली. आम्हाला हार हवेत. दोन. आमच्याकडे फुलं तोडत नाहीत, म्हणून लग्नाचा हार माणसाच्या हातचा लागतो."

"लग्नाचा," मैना म्हणाली.

"उद्या. दव उडायच्या आत. मला गादीवर बसून उद्या वर्ष होतं. तोवर राणी नसली, तर गादी काकांकडे जाते."

"असं का, महाराज?" मैनाने सुई पुन्हा हातात घेतली. "मग तुम्हाला कोणता हार दाखवू? निशिगंधाचा, की निव्वळ शेवंतीचा?"

'तुम्ही' ऐकून त्याचा चेहरा पडला. पडू दे!

"तुझ्या आवडीचा कर."

"माझ्या आवडीचा कशाला? घालणारी मी नाही."

तो जरा पुढे झुकला. जवळच्या निशिगंधावर शिंपडलेल्या पाण्याने बाही भिजली, तशी त्याच्या अंगाला तरतरी आली. ओल असेल तोवरच त्याला माणसांत थांबता येतं. "चांदवडहून समर्थ नावाचा कुणीतरी आला होता म्हणे. तुला बघायला."

"दवपुरात बातम्या बऱ्या पोचतात."

"पाटाचं पाणी फार बोलतं."

"मग त्याच पाण्याबरोबर एक निरोप धाडायला काय झालं होतं?"

"मी धाडायचा?" तो खरोखर गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "मैना, पण तूच तर–"

"केरू!" बकुळेने त्याच्या कोपराला धरलं. "ऊन येतंय. चल."

कोपराला धरलं! आणि तो गेलासुद्धा. वळणावर एकदा मागे बघितलं त्याने, पण मैना तेव्हा कमालीचं लक्ष देऊन बिजलीच्या फुलांच्या जुड्या मोजत होती.

शेजारच्या गाळ्यावरच्या फुलाबाईंनी सगळं पाहिलं होतं. "कोन गं पोरी त्यो? दिसायला लय गोड हाय."

"गिऱ्हाईक आहे, मावशी."

"मंग गिऱ्हाइकावर येवढं तोंड का सुजवलं?"

"मी कशाला सुजवू?"

"सकाळधरनं तीनदा सुई टोचून घेतली तू. मी का आंधळी हाय?"

दुपारी मळ्यावरच्या शेडमध्ये मैना हार ओवायला बसली. पहिला हार झाला, नवऱ्याने नवरीला घालायचा. तो तिने असा केला की कुणी नाव ठेवू नये. कामात खोट ठेवली असती तर ती मैना कसली? मग दुसरा घेतला. केरूच्या गळ्यात पडायचा तो. पांढरी शेवंती, मध्ये निशिगंध, पुन्हा शेवंती. एकेक फूल ओवताना तिला बकुळेची बोटं दिसायला लागली. उद्या ती हा हार उचलणार. उद्या ती त्याच्या टोपीखालचे निळे कान बघणार. तिला ठाऊक तरी असेल का, तो लाजला की कान आधी लाजतात? आणि 'केरू, केरू' करत जन्मभर त्याच्या कोपराला लोंबकळणार!

मैना जळत होती. दुसरा शब्द नाही त्याला. घशापासून पोटापर्यंत सगळं धगधगत होतं, आणि हातातला हार मात्र थंडगार, ओला, सुंदर होत चालला होता.

शेवटची गाठ मारली. इकडे तिकडे पाहिलं. शेडमध्ये कुणी नव्हतं. आणि मग जन्मात जे केलं नव्हतं, ते तिने केलं. हार दोन्ही हातांनी उचलला, त्यात तोंड बुडवलं आणि छाती भरून वास घेतला. एकदा नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक फूल सोडलं नाही.

"घाल आता," ती बकुळेला मनातल्या मनात म्हणाली. "माझं उष्टं घाल."

मग तिला रडू आलं. पण ते तिने कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा आपणही इथेच सोडू.

दुसऱ्या दिवशी पहाटे दव दाट पडलं होतं. परडी घेऊन मैना पाट ओलांडून गेली, आणि वर्षभर जे गवत होतं ते आज बाजूला सरलं. प्रत्येक पात्याला एक दिवा, प्रत्येक थेंबात एक महाल. मधल्या चौकात सगळं दवपूर गोळा झालेलं. उंच आसनाशेजारी काका, खंडेराव, मिशांना दव लावून ताठ बसलेले. बकुळा नटलेली. आणि केरू... राजवस्त्रं घालून, डोक्यावर मुकुट, आणि मुकुटाखाली तीच माकडटोपी.

का घातली असेल, हा प्रश्न मैनाच्या मनात आला. पण जळणाऱ्या माणसाला प्रश्न टिकत नाहीत.

बकुळेने परडीतला हार उचलला. दोन पावलं पुढे गेली. थांबली. नाक मुरडलं.

"हा उष्टा आहे," ती म्हणाली.

मैनाच्या आता लक्षात आलं. वासावर जगणारे हे लोक! श्वास कुणाचा, हे त्यांना कळणार नाही तर कुणाला? तिने माणसांची खोडी काढावी तशी दवपूरची काढली होती.

"कुणाचा श्वास आहे?" खंडेरावांनी विचारलं, जरा जास्तच गोडीने.

"हिचा," बकुळा म्हणाली. "पुरता. एक पाकळीसुद्धा सोडलेली नाही."

खंडेराव उठले. "मुली, नीट ऐक. दवपुरात एका ताटात जेवणं म्हणजे एका फुलाचा वास घेणं, आणि ते नवराबायकोच करतात. दुसरीच्या लग्नाच्या हाराला तू तोंड लावलंस. चुकून लावलं असेल, तर माफ. नवा हार आणायचा. पण दव आता उडायला आलंय, नवा हार येईतो वर्ष सरेल आणि गादी मी सांभाळीन." त्यांनी मिशांवरून बोट फिरवलं. "मुद्दाम लावलं असेल, तर नवरा तुझा आहे असा तू दावा केलास. त्याने तो मानला नाही, तर हे दार तुला कायमचं बंद. पाटावर कितीही पहाटे आलीस तरी गवतच दिसेल. बोल. चुकून, की मुद्दाम?"

पूर्वेकडच्या पात्यांवरचे दिवे एकेक विझायला लागले होते. मैनाने केरूकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता. काही सांगत नव्हता, खुणावत नव्हता. 'चुकून' म्हटलं तर ती सुटत होती आणि त्याची गादी जात होती. 'मुद्दाम' म्हटलं, आणि त्याने मान फिरवली तर? वर्षभर ज्याने साधा निरोप धाडला नाही, तो मान फिरवायला किती वेळ लावणार?

"मुद्दाम," ती म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? जळले म्हणून!" एकदा तोंड उघडल्यावर तिला आवरेना. "हिच्यावर जळले. हिच्या पायाला चिखल लागत नाही म्हणून जळले. ही त्याला केरू म्हणते म्हणून तर सगळ्यात जास्त जळले. ते नाव मी ठेवलंय! वर्षभर रोज या पाटावर येऊन परत जातेय मी, आणि हा लग्नाचा हार सांगायला माझ्याच गाळ्यावर येतो! आवडतो मला तो. झालं? आता करा दार बंद."

मग केरू पुढे आला. बकुळेच्या हातातून त्याने हार घेतला, दोन्ही हातांनी नाकाशी नेला, आणि डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत वास घेतला. एक फूल सोडलं नाही. मग हार मैनाच्या हातात दिला आणि तिच्यापुढे मान वाकवली.

"घाल लवकर. दव चाललंय."

तिने घातला. हार टोपीला अडकला, पण पडला गळ्यात, आणि परडीतला दुसरा त्याने तिच्या गळ्यात घातला. तेवढ्यात खंडेरावांच्या मिशांवरचं दव उडालं आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"निरोप का नाही धाडलास?" ती पुटपुटली.

"मी?" तो म्हणाला. "मी फूल हुंगलं, तू ते माळलंस. आमच्याकडे यालाच साखरपुडा म्हणतात. त्यानंतर मुलीने आपल्या पावलांनी यायचं असतं, तिला बोलावणं म्हणजे तिचा अपमान. वर्षभर वाट बघितली मी! तू पाटापर्यंत यायचीस आणि तोंड फिरवून जायचीस. वर तो चांदवडवाला..."

"म्हणजे तूही जळत होतास?"

उत्तर कानांनी दिलं. गर्द निळं.

"आणि हिने केरू का म्हणावं तुला?"

"मी फर्मानच काढलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "दुसऱ्या कोणत्याही नावाला ओ देणार नाही म्हणून."

"खरं आहे ते," बकुळा वैतागून म्हणाली. "आणि मी त्याला त्या टोपीसकट नवरा करून घेणार होते, काकांच्या शब्दाखातर! एवढंच होतं तर मला पहाटे उठवून नटवलंत कशाला?" ती जायला वळली, आणि मैनाला पहिल्यांदाच ती बरी वाटली.

असं ठरलं की दव असेल तोवर मैना दवपूरची राणी. ऊन चढलं की गाळा आहेच. बाजार कुणासाठी थांबत नाही, राणीसाठीही नाही.

परवाच सकाळी फुलाबाईंनी पाहिलं. तो माकडटोपीवाला पुन्हा आला, गर्दीतून वाट काढत, आणि सरळ परडीवर वाकला.

"हुंगू नका," मैना सवयीने म्हणाली.

"भूक लागलीय."

मैनाने परडी बाजूला सारली. मग इकडे तिकडे न बघता पाठ वळवली, आणि निशिगंध माळलेली वेणी त्याच्यापुढे केली.

"अगं मैने," फुलाबाई ओरडल्या, "उष्टं व्हईल की ते!"

"होऊ दे, मावशी," मैना म्हणाली. "ते विकायचं नाही."