मागची मधली सीट

लाईट गेली होती. काशीगावच्या त्या बिल्डिंगखाली पार्किंगच्या कट्ट्यावर पोरं जमली आणि केरबाकाकांच्या मागे लागली, "काका, भुताची सांगा ना."

"भूतबित मला माहीत नाही," काका म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर तो संघर्ष राहायचा ना, इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करणारा? त्याच्यासोबत झालेलं सांगतो. ह्याच कट्ट्यावर बसून त्याने मला सांगितलंय."

पोरांतला नीरज हसला. "इलेक्ट्रिक गाडीत भूत? त्यालाच शॉक बसेल, काका."

"हस बाबा. शेवटपर्यंत हसलास म्हणजे झालं."

आणि काकांनी सांगायला घेतलं.

गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार. संध्याकाळचे सात वाजलेले. समुद्राकाठच्या चौक गावाहून पिंटू नावाच्या गिऱ्हाइकाची गाडी गॅरेजला आणायची, संघर्षला एवढंच काम होतं. पण घरी तीन वर्षांची नीलू. तिची आई ममता हॉस्पिटलात दुपारपाळीला, दहाला सुटणार. पोरीला सांभाळणारी शेवंतीमावशी गावाला गेलेली. ममताने फोनवर बजावलं होतं, "पोरीला सर्दी आहे, घेऊन कुठे फिरू नका हां." पण पिंटूचे तीन फोन येऊन गेले. शेवटी संघर्षने नीलूला स्वेटर-कानटोपीत गुंडाळलं आणि रिक्षा पकडली.

पिंटू दारातच उभा होता. म्हणाला, "भावा, ही मागची मधली सीट बग. कोन बसला न्हाय तरी पट्टा लावा, पट्टा लावा म्हनून बोंबलतंय."

"कधीपासून?"

पिंटूने सीटकडे बोट केलं. "आय गेली तवापासून. हास्पिटलात नेताना हितंच बसलेली. वाटेतच..."

 संघर्षने मागचं दार उघडलं.

पिंटूने बाजारातून नुसती क्लिप आणून पट्ट्याच्या खाचेत खुपसून ठेवलेली. गाडीला वाटायचं पट्टा लागलाय, आवाज बंद. आपल्याकडे सगळे हेच करतात. दुखणं राहू दे, कण्हणं थांबव. पण संघर्षची कामाची रीत वेगळी. त्याने आधी क्लिप उपटून काढली. आवाज झाकून बिघाड सापडत नाही, म्हणायचा.

सीटच्या आत पातळ चटईसारखा सेन्सर असतो. वजन पडलं की गाडीला कळतं, कोणीतरी बसलंय. त्याने सीट उचलली, तर वायरच्या जोडाच्या पिना हिरव्या पडलेल्या. समुद्राची खारी हवा. त्याने पिना साफ केल्या, सुकवल्या, जोड परत बसवला. आवाज बंद.

"झालं. रात्रभर गॅरेजला ठेवतो, सकाळी सेन्सर नीट तपासतो," म्हणत त्याने क्लिप पिंटूपुढे धरली. "ही आता लागणार नाही."

पिंटूने ती हातात घेतली नाही.

निघाले तेव्हा आठ चाळीस झालेले. नीलू मागे डाव्या सीटवर, पट्ट्यात, पेंगुळलेली. समोरच्या पडद्यावर मागच्या तीन सीटची तीन चित्रं, कोणी बसलं की पेटणारी. डावं पेटलेलं, ते नीलूचं. बाकी दोन विझलेली. डोंगरी गावापर्यंत घरांवर नाताळच्या चांदण्या होत्या. पुढे अंधार.

मोरवा गाव मागे पडलं आणि... टिंग.

मधलं चित्र पेटलं.

संघर्ष वैतागला. गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन मधल्या सेन्सरची वायरच काढून टाकली. आता चित्र विझायला हवं, निदान बिघाड तरी दाखवायला हवा. त्याने स्कॅनर लावला. बिघाड नाही. मधली सीट... भरलेली.

वायर त्याच्या हातात होती.

"कंट्रोल युनिट अडकलंय," तो स्वतःशीच म्हणाला. जरा मोठ्याने म्हणाला. आणि गाडी काढली. पट्ट्याची बोंब मात्र आता बंद होती.

नऊ वाजून बारा मिनिटं. राई गावाच्या अलीकडे. विजेची गाडी, इंजिनाचा आवाज नाही. एरवी त्याला ह्याचं कौतुक. त्या रात्री त्यामुळेच ते ऐकू आलं.

थप... थप... थप.

हळू. पोराला झोपवताना थोपटतात ना, तसं.

त्याने पडद्याकडे पाहिलं.

डावं चित्र विझलं.

म्हणजे नीलू सीटवर नव्हती. मधलं तेवढं पेटलेलं.

त्याने आरशात पाहिलं. अंधारात नुसती कानटोपी दिसली. डावीकडे नाही. मध्ये. आणि जरा वर... कुणाच्या तरी छातीशी टेकल्यासारखी.

 पाय ब्रेककडे जाणार, तेवढ्यात तो थांबला. पोरगी पट्ट्यात नाही. जोरात ब्रेक दाबला तर समोर आपटेल. दार उघडून उतरलं तर... तिला घेऊन गाडी कुठे जाईल? ही गाडी एक्सलरेटरवरून पाय उचलला की आपोआप हळू होते. त्याने नुसता पाय उचलला.

गाडी मंद झाली. थांबली.

थप... थप...

मागे वळायचा धीर होईना. समोर बघतच तो म्हणाला, "आजी..."

थोपटणं थांबलं.

"आजी, पोरगी माझी आहे."

काही नाही.

"तिची आई वाट बघतेय. तिला... तिच्या जागेवर बसवा."

मधलं चित्र पेटलेलंच. 

मग टिंग.

डावं चित्र पेटलं. मधलं विझलं.

तो उतरला, मागचं दार उघडलं. नीलू डाव्या सीटवर. पट्टा लावलेला. गाढ झोपेत. त्याने तिला उचललं, गाडी लॉक केली, चावी खिशात घातली आणि राईच्या दिशेने चालत सुटला. मागे पाहिलं नाही. नाक्यावर रिक्षा मिळाली.

साडेदहाला ममता घरी आली, ती तोंड सोडतच. "सांगितलं होतं ना, पोरीला बाहेर नेऊ नका! रात्रीचं, गारठ्यात! ताप आला तर कोण जागणार?"

संघर्ष पोरीला छातीशी धरून बसलेला. सोडेचना.

ममताने ओढूनच तिला मांडीवर घेतलं. कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग पायातले मोजे काढले... आणि डावा पाय उजेडाकडे धरला.

त्यांच्या घरात काजळ कधी आलंच नव्हतं. संघर्षला असलं काही पटायचं नाही, आणि ममता हॉस्पिटलातली, तिला ते पोरांच्या डोळ्यांजवळही चालायचं नाही.

नीलूच्या डाव्या तळपायावर काजळाची तीट होती. गोल, बोटाने टेकवलेली. दृष्ट लागू नये म्हणून लावतात, तशी.

ममताने मोजा उलटा करून पाहिला. आत डाग नव्हता.

मग तिने तिटेवर अंगठा फिरवला. काजळ पसरलं.

अजून ओलं होतं.